घामाचा पैसा आणि हाडांचं बळ



 स्मृतिव्याख्यानाला, गेलेल्या माणसाच्या नावानं जमायचं तर त्या निमित्तानं जिवंत माणसांच्या उपयोगी पडेल असं काही बोलावं, या हेतूनं मी विषय माझ्या कामातलाच निवडला आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. बंगळुरूत पहाटे कबन पार्कमध्ये धावणारी मंडळी दुखरे गुडघे घेऊन माझ्याकडे येतात. त्याच दवाखान्यात ठिसूळ हाडांची मुलंही येतात, बहुतेक वेळा आईच्या कडेवर. बाहेरच्या बाकावर ही दोन्ही माणसं शेजारीशेजारी बसलेली असतात. त्यांची गाठ घालून द्यावी, हा आजच्या बोलण्याचा उद्देश.

मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. धावून, चालून, सायकल चालवून ठिसूळ हाडांच्या आजारासाठी आपण जो निधी उभा करतो, तो सर्वांत आधी त्या मुलांच्या हालचालीवर खर्च व्हायला हवा. त्यांच्या व्यायामावर, पोहण्यावर, उभं राहण्यावर, घराबाहेर पडण्यावर. घामाच्या पैशानं दुसऱ्या एखाद्या शरीराला घाम गाळायची संधी मिळावी. असं का म्हणते, ते समजण्यासाठी आधी आजार समजून घेऊ.

आजाराचं नाव ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा. नाव लांबलचक, म्हणून रुग्णांच्या घरात आणि दवाखान्यात सगळे त्याला ‘ओआय’ म्हणतात. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला तो असतो. हाड म्हटलं की आपल्याला कॅल्शियम आठवतं, पण हाडाला चिवटपणा देतं ते कोलॅजन नावाचं प्रथिन. स्लॅबमध्ये सिमेंटच्या आत लोखंडी सळ्या असतात तसं हे काम आहे. सळ्या कमी पडल्या किंवा वाकड्या निघाल्या, तर वरून कितीही सिमेंट ओता, स्लॅब तडकणारच. बहुतेक रुग्णांत कोलॅजन घडवणाऱ्या दोन जनुकांपैकी एकात बिघाड असतो. कधी तो आईवडिलांकडून येतो, कधी घराण्यात कोणालाही नसताना बाळात नव्यानंच उपजतो. म्हणून मी प्रत्येक आईला पहिल्याच भेटीत सांगते: गरोदरपणी तुम्ही दूध कमी प्यायलात म्हणून हे झालेलं नाही, ग्रहणात बाहेर पडलात म्हणूनही नाही. हे वाक्य तिला घरच्या मंडळींसमोर ऐकवणं हासुद्धा उपचाराचाच भाग असतो.

ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड सिलेन्स यांनी १९७९ मध्ये या आजाराचे चार प्रकार मांडले. आता जनुकांची माहिती वाढल्यामुळे यादीही वाढली आहे, पण ढोबळ कल्पना यायला ते चार पुरेसे आहेत. सौम्य प्रकारात लहानपणी काही हाडं मोडतात आणि माणूस पुढे नोकरी-संसार करतो. सर्वांत तीव्र प्रकारात बाळ जन्माच्या सुमारासच दगावतं. या दोन टोकांच्या मध्ये असलेल्या मुलांना वारंवार अस्थिभंग होतात, हातपाय वाकतात, उंची खुंटते. काहींच्या डोळ्यांतला पांढरा भाग निळसर दिसतो, काहींचे दात ठिसूळ असतात, काहींना मोठेपणी कमी ऐकू येऊ लागतं. बुद्धीला मात्र काहीही झालेलं नसतं. वर्गातली सगळ्यात चौकस मुलं मी या मुलांमध्ये पाहिली आहेत.

घरात हा आजार कसा दिसतो? लंगोट बदलताना बाळाचे दोन्ही घोटे एका हातात धरून पाय वर उचलायची आपल्याकडे रीत आहे. ओआयच्या बाळाला तसं उचललं तर मांडीचं हाड मोडू शकतं. मग आम्ही आईला शिकवतो: बोटं फाकवून तळवा बाळाच्या कुल्ल्यांखाली सरकवायचा, दुसरा हात मान आणि खांद्यांखाली घ्यायचा, आणि सगळं अंग एकदम, सावकाश उचलायचं. काखेत हात घालून उचलायचं नाही. अंगडं घालताना बाळाचा हात ओढायचा नाही, आपली बोटं बाहीतून आत घालून तो अलगद बाहेर घ्यायचा. तेल लावताना हातपाय ताणायची न्हाऊ घालणाऱ्या बाईची सवय थांबवावी लागते. आजीला हे पटवणं सोपं नसतं, पण एकदा पटलं की घरात तिच्याइतकं जपून कोणी उचलत नाही.

अशा मुलाला जपायचं म्हणजे पाळण्यातून उठूच द्यायचं नाही, असं घरच्यांना वाटणं स्वाभाविक आहे. नुकसान नेमकं तिथंच होतं. जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलेला एक नियम आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात: हाडावर जसा भार पडतो, तसं हाड स्वतःला घडवतं. भार मिळाला की ते दाट होतं, भार काढून घेतला की झिजतं. धावणाऱ्यांना हा नियम अंगावर अनुभवायला मिळतो. हळूहळू अंतर वाढवणाऱ्याचं हाड बळकट होतं आणि अधाशीपणे एकदम अंतर वाढवणाऱ्याच्या नडगीला केसासारखी चीर पडते. ओआयच्या मुलाला हाच नियम लागू आहे, फक्त त्याच्या बाबतीत चुकीला फार थोडी जागा आहे. हाड मोडतं, प्लास्टर लागतं, प्लास्टरमधला पाय आठवडेच्या आठवडे पडून राहतो, पडून राहिलेलं हाड आणखी झिजतं, स्नायू बारीक होतात, आणि प्लास्टर काढल्यावर तोच पाय पुन्हा मोडतो. हे दुष्टचक्र तोडायचं तर मोजूनमापून, सुरक्षितपणे, पण नेमानं हालचाल करावी लागते.

औषधानं या लढाईत मोठी साथ दिली आहे. माँट्रियलच्या श्रायनर्स रुग्णालयातले फ्रान्सिस ग्लोरियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं की पामिड्रोनेट हे औषध ठरावीक अंतरानं शिरेतून दिलं तर तीव्र ओआय असलेल्या मुलांची हाडं दाट होतात आणि अस्थिभंग कमी होतात. या गटातल्या औषधांना बिस्फॉस्फोनेट म्हणतात. जुनं हाड खरवडणाऱ्या पेशींना ती आवरतात. कोलॅजनमधला मूळ दोष त्यांनी जात नाही. शस्त्रक्रियेचा मार्ग त्याहून जुना. सोफिल्ड आणि मिलर यांनी १९५९ मध्ये वाकलेलं हाड ठिकठिकाणी कापून ते तुकडे धातूच्या रॉडवर ओवायची पद्धत मांडली. पुढे मुलाच्या वाढीबरोबर लांब होणारे रॉड आले. औषधानं हाड दाट होतं, रॉडनं सरळ राहतं, पण चालायला मूल शिकतं ते व्यायामानंच. तिन्ही गोष्टी एकत्र झाल्या तरच पुढचं घडतं.

शस्त्रक्रियेनंतर आमच्याकडे आलेल्या मुलाचे पहिले काही आठवडे असे जातात. आधी पालथं झोपून मान उचलणं. मग आधाराशिवाय बसणं. मग कोमट पाण्याच्या तलावात छातीपर्यंत उभं राहणं, कारण तिथं शरीराचा बराचसा भार पाणी उचलतं आणि पडलं तरी लागत नाही. पाण्यात पहिल्यांदा पायावर उभं राहिलेलं मूल आधी आईकडे बघतं, मग खाली स्वतःच्या पायांकडे. पुढे पाणी कमी करत करत कंबरेपर्यंत आणायचं, मग कोरड्या जमिनीवर दोन दांड्यांच्या मधून चालायचं. प्रत्येक पायरीला उद्दिष्ट असतं, वहीत नोंद असते आणि मागच्या आठवड्याशी तुलना असते. दहा किलोमीटरची तयारी करणाऱ्याच्या वहीत वेगळं काय असतं?

आता पैशाकडे वळू. केंद्र सरकारचं दुर्मिळ आजारांसाठीचं राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आलं. त्यातल्या आजारांच्या यादीत ओआयचं नाव आहे आणि त्यापुढे बिस्फॉस्फोनेट उपचाराचा उल्लेख आहे. उपचारासाठी जी उत्कृष्टता केंद्रं नेमली, त्यांत आपल्या बंगळुरूचं सेंटर फॉर ह्यूमन जेनेटिक्स इंदिरा गांधी बालरुग्णालयासह आहे, आणि मुंबईचं केईएम आहे. मे २०२२ मध्ये मदतीची मर्यादा वाढवून रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंत केली गेली. दुर्मिळ आजारांची कुटुंबं वर्षानुवर्षं जे मागत होती, त्यातलं बरंच या धोरणात आलं. ज्यांच्या घरी ओआयचं मूल आहे त्यांनी या केंद्रांत नाव नोंदवावं, हे मी इथून आग्रहानं सांगते.

पण घरखर्चाची वही उघडली की दुसराच हिशेब दिसतो. दर काही महिन्यांनी सलाईनसाठी गाव सोडून शहरात यायचं, त्या दिवसांची वडिलांची मजुरी बुडते. आठवड्याला दोनतीनदा फिजिओथेरपी, तिथं जाण्यायेण्याचं भाडंच उपचाराहून जड. मापाची व्हीलचेअर, जी मूल वाढलं की बदलावी लागते. घराच्या उंबऱ्यावर आणि शाळेच्या पायऱ्यांवर उतार. पोहण्याच्या तलावाचं शुल्क. अंगावर येणारा एकच मोठा आकडा यात कुठंही नाही. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळाच्या १६ कोटींच्या इंजेक्शनसाठी देशभरातून लोकांनी पैसे दिले, तेव्हा आपल्या समाजाचं मन किती मोठं आहे ते दिसलं. ओआयची गरज वेगळी. इथं लहान लहान रकमा लागतात आणि त्या मुलाच्या वाढीची सगळी वर्षं लागत राहतात. एकदाच हेलावून दिलेल्या देणगीनं हे काम भागत नाही. त्यासाठी नेम लागतो, आणि नेम कोणाकडे असतो, तर रोज पहाटे उठून बुटाच्या नाड्या बांधणाऱ्याकडे. म्हणून मला हा आजार आणि व्यायामाचा संकल्प एकमेकांसाठी अगदी योग्य वाटतात.

बंगळुरूनं या बाबतीत वाट घालून दिलेली आहे. इथं २००७ मध्ये मध्यरात्रीची मॅरेथॉन सुरू झाली, २००८ मध्ये दहा किलोमीटरची जागतिक शर्यत सुरू झाली, आणि दोन्हींच्या आधारानं सामाजिक संस्थांसाठी निधी गोळा होऊ लागला. २०१२ मध्ये ऑक्सफॅम या संस्थेची ट्रेलवॉकर मोहीम इथं आली. चौघांच्या संघानं ४८ तासांत १०० किलोमीटर चालायचं आणि त्यासाठी आधी ओळखीच्यांकडून देणग्या जमवायच्या, अशी ती पद्धत. १९८१ मध्ये हाँगकाँगमध्ये गुरखा सैनिकांच्या सरावातून ती जन्मली. चौघांनी मिळूनच शेवट गाठायचा असल्यामुळे संघाला सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या वेगानं चालावं लागतं. आपल्या विषयासाठी मला तिच्यातला हा नियम सगळ्यात मोलाचा वाटतो.

दुर्मिळ आजारांसाठी तर स्वतंत्र उपक्रमच या शहरात उभा राहिला. ऑर्गनायझेशन फॉर रेअर डिसीजेस इंडिया ही बंगळुरूची संस्था. तिच्या संस्थापकांपैकी एक प्रसन्न शिरोळ. त्यांच्या स्वतःच्या मुलीला पॉम्पे नावाचा दुर्मिळ आजार होता, आणि घरातल्या त्या अनुभवातून ते या कामात उतरले. संस्थेनं २०१६ पासून ‘रेसफॉरसेव्हन’ ही दौड सुरू केली. अंतर सात किलोमीटर, कारण जगात सुमारे सात हजार दुर्मिळ आजार मानले जातात. फेब्रुवारीचा शेवटचा दिवस हा जागतिक दुर्मिळ आजार दिन, त्याच्या आसपास ही दौड होते. वेगवान धावपटू, चालणारी कुटुंबं आणि व्हीलचेअरवरची मुलं तिथं एकत्र येतात.

याच शहरातल्या धन्या रवी यांचं नाव इथं घ्यायलाच हवं. त्यांना जन्मापासून ओआय आहे आणि त्यांची हाडं शेकडो वेळा मोडली आहेत. शाळेत जाणं शक्य नव्हतं, शिक्षण घरात झालं. इंटरनेटवरून त्यांनी माणसं जोडली, लता नायर यांनी केरळात उभ्या केलेल्या अमृतवर्षिणी या ओआयच्या कामाशी त्या जोडल्या गेल्या, आणि गावोगावच्या सभांतून या आजाराविषयी बोलू लागल्या. २०१८ मध्ये त्यांना अपंगांच्या सक्षमीकरणासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांच्यासारखी माणसं बोलतात तेव्हा निधी देणाऱ्याला कळतं, की समोरचं माणूस दयेचा विषय नाही, कामातला भागीदार आहे.

परदेशातही ज्या संस्था टिकल्या, त्यांच्या मुळाशी हेच आहे. ब्रिटनची ब्रिटल बोन सोसायटी १९६८ मध्ये डंडी शहरात मार्गारेट ग्रँट यांनी सुरू केली, आणि त्यांना स्वतःला ओआय होता. आज त्या संस्थेसाठी लोक लंडन मॅरेथॉन धावतात. अमेरिकेतल्या ओआय फाउंडेशनच्या निधीफेऱ्यांत चालणारे आणि व्हीलचेअरवाले बरोबरीनं निघतात. ६ मे हा ओआयचा जागतिक दिवस, त्या दिवशी जगभर पिवळे कपडे घालून लोक बाहेर पडतात.

ही सगळी बाहेरून आलेली पद्धत आहे, आपल्याकडे असं काही नव्हतं, असं कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही. महर्षी कर्व्यांनी १९०० मध्ये आपल्या आश्रमासाठी हिंगण्याला झोपडी बांधली. फर्ग्युसन कॉलेजात शिकवायचं, आश्रमाचं सामान घ्यायचं आणि रोज पायी हिंगण्याला जायचं, हा त्यांचा क्रम होता. त्यांना देणगी देणाऱ्यानं आधी त्यांची ती पायपीट पाहिलेली असायची. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येक भारतीयानं वर्षाला एक पैसा द्यावा, अशी कल्पना घेऊन पैसा फंड उभा केला. गावोगाव फिरून जमवलेल्या त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. पुढे १९८० मध्ये कॅनडात टेरी फॉक्स नावाचा तरुण, कर्करोगानं एक पाय गेलेला, कृत्रिम पायावर रोज जवळजवळ एक मॅरेथॉन धावू लागला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला आणि आजार फुप्फुसात पसरल्यामुळे त्याला थांबावं लागलं. त्याचं मागणं होतं प्रत्येक कॅनेडियन माणसामागे एक डॉलर, आणि फेब्रुवारी १९८१ पर्यंत २ कोटी ४१ लाख डॉलर जमले. त्या देशाची लोकसंख्याही तेव्हा तेवढीच होती. काळ्यांचा एक पैसा आणि टेरीचा एक डॉलर यांमागचा विचार एकच: मागणाऱ्यानं आधी स्वतः झिजायचं, आणि मागायचं इतकं थोडं की कोणालाही नाही म्हणावंसं वाटू नये.

म्हणून आता काही व्यवहाराच्या सूचना करते.

पहिली, संकल्प आपल्या शरीराच्या मापाचा असू द्या. साठीच्या काकांनी रोज लालबागेत एक फेरी मारायचं ठरवलं तरी तो संकल्पच आहे. मधुमेह, रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारून सुरुवात करा. अंतर वाढवायचं ते हळूहळू.

दुसरी, एका दिवसाच्या शर्यतीसाठी मागू नका, वर्षभरासाठी मागा. ‘मी दर आठवड्याला इतकं चालेन, तुम्ही दर महिन्याला इतके रुपये द्या.’ एका मुलाची वर्षभराची फिजिओथेरपी हे तुमच्या गटाचं उद्दिष्ट असू द्या. मध्येच पैसे आटले तर मूल पुन्हा अंथरुणाला खिळतं, हे देणाऱ्यालाही सांगा.

तिसरी, पैसा नोंदणीकृत संस्थेच्या खात्यातच जाऊ द्या. करसवलतीसाठीची पावती मागा, वर्षाचा हिशेब मागा. परदेशातल्या नातेवाइकांकडून मदत घ्यायची असेल तर त्या संस्थेकडे परकीय देणग्यांसाठीची कायदेशीर नोंदणी आहे की नाही, ते आधी पाहा. विश्वास एकदा उडाला की पुढच्या दहा खऱ्या गरजूंची दारं बंद होतात.

चौथी, मुलांचे रडके, प्लास्टरमधले फोटो फिरवू नका. ते मूल उद्या मोठं होणार आहे आणि ते फोटो त्याच्या वर्गमित्रांच्या हातात पडणार आहेत. फोटो दाखवायचाच तर पोहतानाचा दाखवा, आणि तोही घरच्यांना आणि मुलाला विचारून.

पाचवी, आपल्या दौडीच्या मार्गावर व्हीलचेअर जाते का, ते आदल्या आठवड्यात स्वतः ढकलून पाहा. तुटलेला फुटपाथ, उघडं गटार, गतिरोधक, स्वच्छतागृहाची पायरी. हे आधी दिसलं तर महापालिकेकडे अर्ज करता येतो, आणि त्या अर्जाचा फायदा गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला होतो. ओआयच्या मुलाला दौडीत आणायचं तर गर्दीच्या धक्क्यापासून वेगळी, मोकळी रांग ठेवा. त्याच्या खुर्चीला हात लावण्यापूर्वी त्याला विचारा.

आणि शेवटची. बक्षीससमारंभात पहिल्या आलेल्या धावपटूच्या बरोबरीनं त्या मुलाचंही उद्दिष्ट जाहीर करा. कोणी या वर्षी बसायला शिकलं असेल, कोणी पाण्यात दहा पावलं टाकली असतील. नियम दोघांनाही तोच आहे, वोल्फनी सांगितलेला: सोसेल इतका भार, नेमानं, वाढत्या मापानं. आपल्यापैकी ज्यांची हाडं धडधाकट आहेत त्यांनी तो भार उचलावा, आणि त्यातून जमलेल्या पैशानं या मुलांना त्यांचा भार उचलायची संधी मिळावी.

या सभागृहातल्या प्रत्येकानं घरी जाण्यापूर्वी एक अंतर ठरवावं, एक रक्कम ठरवावी, आणि दोन्ही गोष्टी शेजारच्या माणसाला सांगाव्यात. सांगितलेला संकल्प मोडायला जीव धजत नाही. पुढच्या वर्षीच्या व्याख्यानाला आपण जमू तेव्हा त्या पैशातून किती मुलं पायावर उभी राहिली, त्याचा हिशेब आयोजकांनी याच व्यासपीठावरून मागावा, अशी माझी विनंती आहे.